दत्तूमामांचा दुसरा बुश

झिजलेला भाग हातात आला की दत्तूमामा आधी डोळे मिटत. भोकात बोट घालून सावकाश फिरवत आणि किती झिजलंय ते सांगत. नंतर मोजलं तर तेवढंच भरायचं. "व्हर्नियर खोटं बोलत न्हाय, पर समदं सांगत बी न्हाय," असं ते म्हणत. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांचं एका लेथचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी तिथं पंपांचे आणि उसाच्या चरकांचे भाग दुरुस्त केले. समुद्र मात्र कधी पाहिला नव्हता.

मी इतिहास शिकवणारा माणूस. निवृत्तीनंतर एक जुनी शिडाची होडी घेऊन वेंगुर्ल्याच्या खाडीत ठेवली, हे माझं खूळ. तिच्या सुकाणूचं चाक इतकं ढिलं झालं होतं की पाव फेरा फिरवला तरी होडीला पत्ता नसायचा. चाकाचा दांडा ज्या बुशात, म्हणजे नळीसारख्या कड्यात, फिरतो तो पार झिजला होता. सगळं सोडवून, गाडीत घालून मी मामांकडे आणलं.

त्या वर्षी मामांचा हात थरथरू लागला होता, आणि मुलांनी लेथ विकायचं ठरवलं होतं. "सर, ह्यो माझा शेवटचा जॉब," ते म्हणाले. "असला करतो की नाव काढशीला." दोन बुश त्यांनी स्वतःच मोडीत टाकले. तिसरा पसंत पडला, नायलॉनचा. "गंजायचं नाव न्हाय. आन् खेळ इतकुसा बी न्हाय, दांडा आत जरा बी हलत न्हाय, बघा." खंडेनवमीला लेथसमोर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मगच माझ्या हातात दिला.

पहिले काही दिवस चाक सुरेख फिरलं. तिसऱ्या आठवड्यात भर वाऱ्यात ते जाम झालं आणि आम्ही खडकावर आदळता आदळता वाचलो. नायलॉन पाणी पिऊन फुगलं होतं. तिथल्या मिस्त्रीनं तो बुश कापून काढला आणि काहीतरी तात्पुरतं बसवून दिलं.

मामांना हे कोणत्या तोंडानं सांगायचं? "झकास चाललंय," मी म्हणालो. ते नुसतं "व्हय?" म्हणाले. पुढे दर भेटीत विचारत, "चाक कसं हाय?" मी तेच ठोकून द्यायचो. "एकदा दावा की मला," असंही म्हणाले. मी कधी वाऱ्याचं, कधी गाडीचं निमित्त काढलं.

फेब्रुवारीत मामा गेले. भेटायला गेलो तेव्हा मामींनी बिस्किटांचा एक डबा पुढे केला. आत तेलकट फडक्यात पितळेसारख्या गनमेटल धातूचा नवा बुश होता.

"नायलॉनचा उरल्याला तुकडा मिठाच्या पाण्यात टाकून ठिवलावता," मामी म्हणाल्या. "रोज काढून मोजायचे. लेथ न्यायच्या आदल्या दिवशी ह्यो करून ठिवला. मी म्हटलं, सरांस्नी फोन करा. तर म्हनाले, सर आपनहून सांगतील की, मग देतो."

मला तिथंच रडू फुटलं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून खोटं बोललो, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. त्यांना फक्त आपली चूक दुरुस्त करायची होती, आणि मी तेवढंही करू दिलं नाही.

परवा तो बुश बसवला. बसवण्याआधी डोळे मिटून दांड्यावर फिरवून पाहिला. या वेळी त्यांनी केसभर खेळ ठेवला होता. माझ्यासारख्यालाही तो बोटांना कळला.

चाक आता खरंच झकास चाललंय, मामा.