तेरा जहाजांच्या काकू

दिगंबर सबनीसांनी उभं आयुष्य मुंबईच्या गोदीत जहाजांचे आराखडे काढण्यात घालवलं. निवृत्तीनंतर ते पत्नी मीनाक्षीसह मुलीकडे अमेरिकेत हर्नडनला आले आणि २००६ साली तिथल्या एका छोट्या संग्रहालयात व्हॉलंटिअर झाले. अमेरिकेनं स्वातंत्र्ययुद्धात नवं आरमार कसं उभं केलं, यावर तिथं प्रदर्शन होतं. दिगंबररावांनी आठ महिने खपून त्यातल्या एका युद्धनौकेची चार फुटी प्रतिकृती केली. एकेक फळी हातानं वाकवलेली.

मीनाक्षीकाकू त्यांना फक्त गाडीनं सोडायला यायच्या. पण त्यांनी मुंबईत बँकेत तीस वर्षं काढलेली. बसून बसून कंटाळल्या आणि आरमाराच्या खर्चाचा फलक वाचू लागल्या. मग फलकापाशी कोणी थबकलं की आपल्या माहेरच्या नागपुरी इंग्रजीत सांगू लागल्या.

"तिजोरीत खडखडाट, आणि ठराव काय, तर तेरा युद्धनौका! त्याही तीन-चार महिन्यांत! मग छापल्या नोटा. जितक्या छापल्या, तितकी किंमत घसरली. मजुरी मिळूनही सुतारांची चूल पेटेना. काही जहाजं तर समुद्र बघायच्या आधीच आपल्याच लोकांनी जाळली, इंग्रजांच्या हाती पडू नयेत म्हणून."

लोक खिळून ऐकायचे. प्रतिकृतीसमोर दोन मिनिटं, काकूंसमोर अर्धा तास. दिगंबररावांच्या पोटात दुखू लागलं.

"माझ्या जहाजावर तोफा बत्तीस होत्या, अठ्ठावीस नाही," एकदा गाडीत ते म्हणाले.

"बरं झालं सांगितलंत," काकू म्हणाल्या. पुढच्या शनिवारी त्यांनी बत्तीस सांगितल्या आणि टाळ्या वाजल्या. दिगंबररावांना वाटलं, उगाच सांगितलं.

जूनमध्ये मराठी मंडळाच्या सुमेधाचा घरी फोन आला. "काका, वार्षिक कार्यक्रमात काकूंचा टॉक ठेवायचाय. सगळे त्यांना तेरा जहाजांच्या काकू म्हणतात!"

"तिला नाही जमणार," दिगंबरराव म्हणाले. "घसा बसलाय. डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय."

पंधरा दिवसांनी सुमेधा काकूंना ग्रोसरीत भेटली आणि तिनं घशाची चौकशी केली.

काकू घरी आल्या, पिशव्या ओट्यावर ठेवल्या. "अहो, माझ्या घशाला काय झालं होतं?"

दिगंबररावांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "चाळीस वर्षं जहाजं केली मीनाक्षी, कुणी एक शब्द विचारला नाही. तू चार महिने फलक वाचलास..."

"म्हणून माझं तोंड बंद करायचं?"

"चुकलो."

"मला नका सांगू. तिला सांगा."

दिगंबररावांनी फोन लावला. "सुमेधा, मी खोटं बोललो. तिचा घसा ठणठणीत होता. मलाच बघवत नव्हतं."

सुमेधा म्हणाली, "काका, आता स्लॉट दुसऱ्यांना दिलाय हो. गणपतीत बघू."

गणपतीत काकू बोलल्या. हॉल भरला होता. दिगंबरराव मागच्या रांगेत बसले, शेवटी सगळ्यांबरोबर उठून त्यांनी टाळ्याही वाजवल्या. आत जळायचं काही थांबलं नव्हतं. पण परत येताना काकूंनी "कसं झालं?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी खरं तेच सांगितलं.

"छान झालं."