मुका स्पीकर

लिफ्टचे प्रोग्राम लिहिणाऱ्या त्या कंपनीत सगळे जिला 'बाई' म्हणत, ती पूर्वी शाळेत गणित शिकवायची. पंचेचाळिशीत प्रोग्रामिंग शिकली. "या वयात कसलं खूळ!" म्हणून नातेवाईक हसले, ही आपली शिकत राहिली. हाताखालची नवी पोर मात्र मनात म्हणायची, हिच्यात असं आहे तरी काय बुवा?

ते एका सकाळी कळलं. या कंपनीच्या प्रोग्रामवर लिफ्ट चालणाऱ्या एका इस्पितळातली दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं त्या दुपारी काचेच्या पेट्यांतून सहाव्या मजल्यावरून तिसऱ्यावर हलवायची होती. त्यांची झोपमोड नको म्हणून मजला आला की पुकारणारा तिसऱ्यावरचा स्पीकर काढून टाकलेला. झालं! रिकामी लिफ्ट तिथं पोचली, स्पीकरला "मजला सांग" म्हणाली, पण सांगायला स्पीकरच नाही. प्रोग्राम कोलमडला, लिफ्ट दारं मिटून ठप्प. आत बाळ असतं तर?

बाईंसोबत इस्पितळात आलेल्या पोरीने घाईघाईने प्रोग्रामभर प्रश्न पेरले. इथं स्पीकर आहे का? इथं आहे का? सतरा ठिकाणी विचारलं आणि अठरावी जागा विसरली, लिफ्ट खाली येतानाची. पुढच्या चाचणीत लिफ्टमन आत अडकला.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "ते सतरा प्रश्न आधी पूस. आपण प्रोग्राममध्येच एक मुका स्पीकर लिहू, बाकीच्यांसारखाच. 'बोल' म्हटलं की ऐकून घेतो आणि काही करत नाही. जिथं खरा स्पीकर नाही, तिथं हा."

"काहीच करत नाही? मग त्याचा उपयोग काय, बाई?"

"लिफ्टला विचारत बसावं लागत नाही. पण ब्रेकच्या जागी असलं काही लिहिलंस तर कान उपटीन हं! जिथं गप्प राहणं हेच बरोबर, तिथंच."

चार ओळींत काम संपलं. पोर आ वासून बघत राहिली. अगं बाई, जे नाहीच आहे त्यालाही कामाला लावता येतं!

लिफ्ट वीस वेळा वरखाली फिरवून पाहिली. मग नर्सने पहिली पेटी आत घेतली. पोरही शिरली. पाच, चार, प्रत्येक मजल्यावरचा स्पीकर बोलला. तिसऱ्यावर लिफ्ट थांबली. आवाज नाही. दार उघडलं. झोपलेल्या बाळाने बोटसुद्धा हलवलं नाही.

पोरीला रडूच कोसळलं.

"अगं, काय झालं?" नर्स दचकली.

"काही नाही," पोर डोळे पुसत म्हणाली, "काहीच झालं नाही ना!"