एक जूनचे गुरुजी

उत्तमराव तायडे गुरुजींना दारावरची बेल आवडत नाही. बेल वाजली की त्यांच्या पोटात गोळा येतो आणि दार उघडल्यावर दूधवाला दिसला की तो हळूहळू विरतो. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, अकोल्यात मुलाच्या घरी सुखाचं जेवण आहे, बीपीची गोळी सोडली तर औषध नाही. तरी माणूस आपला दचकतोच. छत्तीस वर्षं खेड्यापाड्यांत मास्तरकी केली. उगाच कुणावर हात उगारला नाही, एक दिवस उशिरा गेले नाहीत. पण यातलं अर्धंअधिक श्रेय सद्गुणांचं नसून भीतीचं आहे, हे गुरुजी स्वतःच सांगतात. साहेब तपासणीला येतील ही भीती, हजेरीपटात खाडाखोड निघेल ही भीती, आणि सगळ्यांत मोठी म्हणजे बदलीची.

गेल्या फेब्रुवारीत, दुपारी जेवण आटोपून ते आडवे होणार तेवढ्यात बेल वाजली. दारात एक उंच मुलगी उभी होती. खांद्याला बॅग, हातात प्लास्टिकची फाइल.

"गुरुजी, ओळखलं का मले? मी नईमा. सत्तार गादीवाल्याची."

गुरुजींनी लगेच ओळखलं. चांदूर बाजारजवळच्या त्या खेड्यातली सगळी मुलं ते विसरले असते, पण ही एक विसरणं शक्य नव्हतं. का ते पुढे येईलच.

"ये ना पोरी, बस," ते म्हणाले आणि पाणी आणायला आत गेले. आत जाऊन ओट्याला धरून नुसते उभे राहिले.

नईमा अमरावतीला विद्यापीठात पीएचडी करत होती. विषय कापसाचा. तिचे आजोबा आणि वडील दोघांनी जन्मभर कापूस पिंजून गाद्या भरल्या. ही पोरगी त्याच कापसाच्या मागे लागून शंभर वर्षं मागे गेली. वऱ्हाडातला कापूस तेव्हा पार जपानला जायचा, तिथल्या व्यापाऱ्यांची माणसं इथल्या बाजारात येऊन बसायची, आणि त्यांनी घरी धाडलेल्या पत्रांचे गठ्ठे अजून ओसाकात पडून आहेत. ती पत्रं वाचायची तर जपानी यायला हवी. तेवढ्यासाठी एका प्रतिष्ठानाची फेलोशिप होती. संशोधन करणाऱ्या मुलांनी वर्षभर तिकडे राहून भाषा शिकायची, राहण्या-शिकण्याचा खर्च प्रतिष्ठानाचा. नईमाची निवड झाली होती. आणि तिथेच घोडं अडलं होतं.

"एक जुलैले तीस वर्षं पूर्ण झालेले नसले पायजेत, अशी अट हाये गुरुजी. माहा जन्म इथलाच, अकोल्याच्या दवाखान्यातला. तेवीस नोव्हेंबर पंच्याण्णव. तसा दाखला हाये. पण शाळेत एक जून पंच्याण्णव लिवलेलं हाये. त्या हिशोबानं मी म्हातारी झाली." ती जराशी हसली. "ते म्हनतात, दोन तारखा कावून हायेत ते सांगा. ज्यानं नोंद केली त्याचं प्रतिज्ञापत्र पायजे. शाळेत गेलती मी. मोठे गुरुजी तर वारले. रजिस्टरमदे सही तुमची हाये."

"किती दिवस हायेत?"

"आठ."

एक जून. गुरुजींच्या हातून किती मुलं एक जूनला जन्मली, याची गणती नाही. आईबाप सांगत, पोळ्याच्या आसपास झाला, किंवा विहीर खोदली त्या साली झाली. मग शाळा उघडते तो महिना धरून मास्तर एक जून ठोकून देत. वर्ग भरला की एका दिवशी वीस-वीस वाढदिवस. गुरुजींचा स्वतःचाही एक जूनचाच, त्यांच्या मास्तरांनी लिहिलेला. त्यात लबाडी नव्हती, ती रीत होती.

नईमाचं मात्र तसं नव्हतं. तिच्या बापाने तारीख आणून दिली होती.

दोन हजार सालचा जून. त्या शाळेत दोनच शिक्षक आणि पट एका मुलाने कमी पडत होता. पट भरला नाही तर दुसऱ्या शिक्षकाचं पद जाणार, आणि दुसरे शिक्षक म्हणजे उत्तमराव. त्यांची बदली थेट मेळघाटात ठरल्यासारखीच होती. लोक म्हणत, जंगल आहे, ताप आहे. गुरुजींना त्याची एवढी भीती नव्हती. तिथली पोरं कोरकू बोलतात, हे ऐकून त्यांचे हातपाय गळाले होते. वर्गात उभं राहायचं आणि समोरचं लेकरू काय म्हणतंय ते कळायचं नाही, या विचाराने त्यांना घाम फुटे. म्हणून ते घरोघर मूल शोधत फिरले, आणि सत्तारभाईंच्या अंगणात साडेचार वर्षांची नईमा कापसाच्या ढिगात खेळताना सापडली. पहिलीला पाच वर्षं पूर्ण लागत. सत्तारभाई दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा कागद घेऊन शाळेत आले. गुरुजींनी तो वाचला, घडी घातली आणि परत दिला. "हा जपून ठेवा सत्तारभाई, शाळेत याचं काम नाई." सत्तारभाईंनी मान डोलावली. गुरुजी सांगतात म्हणजे तसंच असणार.

पट भरला. बदली टळली.

"लिहून देतो," गुरुजी नईमाला म्हणाले खरे, पण आवाज दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा निघाला.

संध्याकाळी मुलगा गजेंद्र कामावरून आला आणि ऐकताच ताडकन उभा राहिला. "बाबा, तुमाले काई समजते का? सगळीकडे जुने दाखले तपासून राहिले लोक. तुमी लिहून देसान का मी खोटी तारीख टाकली म्हनून? पेन्शन बंद करतीन. गुन्हा दाखल होईन. अन् एक पोरगी नाई, तुमच्या हातच्या साऱ्या पोरांचे दाखले उकरून काढतीन!"

हे शेवटचं वाक्य गुरुजींच्या मानगुटीवर बसलं. पुढचे सहा दिवस त्यांना घास गोड लागला नाही. बाजारात कुणी "गुरुजी" म्हणून हाक मारली तरी वाटे, हा त्याच कामाला आला. कुणी पोलीस पाटील झाला होता, कुणी नर्स, कुणी एसटीत कंडक्टर. सगळ्यांचे कागद त्यांच्या एका सहीवर उभे. गजेंद्रने मग तोडगा काढला. त्याने एक मसुदा टाइप करून आणला: सदर जन्मतारीख पालकांनी तोंडी सांगितल्यावरून नोंदवण्यात आली.

"पालकानं सांगतली, तुमी लिवली. तिचं काम होते अन् तुमी सुटता. सत्तारभाईले कोन विचारते आता?"

गुरुजींनी मसुदा दोनदा वाचला. त्यांना हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाजही वाटली, पण हायसं जास्त वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

सातव्या दिवशी नईमा पहिल्या बसने अमरावतीहून आली. कोर्टाच्या आवारात, नोटरीच्या टेबलाजवळ गुरुजींनी तिच्या हातात कागद दिला. तिने उभ्याउभ्या वाचला.

"गुरुजी, अब्बा तं कागद घेऊन आलते तुमच्याकडं."

गुरुजींनी नोटरीच्या टेबलावरचा शिक्का उगाच सरळ केला.

"हा मी नाई पाठवत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "आमच्या घरात सध्या कागदाची लय दहशत हाये. शेजारच्यांले जन्माच्या दाखल्यावरून चौकशीले बोलावलं, तं अब्बा दोन दिवस जेवले नाई. सारे दाखले पेटीतून काढून पलंगावर मांडून बसले होते. बापानं खोटी तारीख सांगतली असं एकदा लिवल्या गेलं, म्हन्जे मंग आमचा कोनताच कागद खरा राह्यत नाई. जपान नाई झालं तरी चालीन मले." तिने कागदाची घडी घातली आणि त्यांना परत दिला.

अगदी तशीच घडी. पंचवीस वर्षांपूर्वी गुरुजींनी घातली होती तशीच.

गुरुजींना तिथल्या तिथे खाली बसावंसं वाटलं. पळून जावंसंही वाटलं, आणि रिक्षा समोरच उभी होती. ते रिक्षाकडे वळले नाहीत, याचं त्यांना अजूनही नवल वाटतं. त्यांनी नोटरीकडून कोरा कागद मागून घेतला आणि मुलांना कित्ता घालून द्यायचे त्या वळणदार अक्षरात लिहायला घेतलं. विद्यार्थिनीच्या वडिलांनी जन्माचा खरा कागद मला दाखवला होता. मुलीला पाच वर्षं पूर्ण नव्हती. पट भरावा व माझी बदली टळावी म्हणून मी जाणूनबुजून एक जून ही तारीख लिहिली. यात पालकांचा काही दोष नाही.

नोटरीने वाचून चष्म्यावरून पाहिलं. "गुरुजी, हे असंच लिहाचं हाये का? इचार करून घ्या."

"लय इचार केला. आता करू देऊ नका."

त्यांनी सही केली, ती नेहमीपेक्षा लांब गेली. नोटरीने आधार कार्ड मागितलं, तारीख पाहिली आणि त्याला हसू फुटलं. "तुमचा बी एक जूनच?" गुरुजींना हसता आलं नाही. नईमा वाकून त्यांच्या पाया पडली.

घरी गजेंद्र चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, "बसा आता नोटिशीची वाट पाह्यत."

गुरुजी बसले. मार्च गेला, उन्हाळा गेला. नईमाचं काम झालं, असा एप्रिलमध्ये तिचा फोन आला होता. त्याचा आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. पोस्टमन गल्लीत शिरला की ते मागच्या खोलीत जात. पेन्शनच्या तारखेला पासबुक घेऊन बँकेत आधी जाऊन उभे राहत आणि जमा दिसली की पुढच्या महिन्याची काळजी सुरू. दिवाळी झाली. नोटीस आली नाही. पण येणार नाही, असंही कुणी लिहून दिलं नव्हतं.

तेवीस नोव्हेंबरला सकाळी फोन वाजला. नंबर लांबलचक, कधी न पाहिलेला. गुरुजींनी तो वाजू दिला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी डोळे मिटून उचलला आणि पलीकडचा काही बोलायच्या आतच सांगून टाकलं, "उत्तमराव तायडे बोलतो. सही माह्यीच हाये. त्या मानसाचा काई दोष नाई."



"गुरुजी, मी नईमा. ओसाकाहून. आज तीस पूर्ण झाले मले. म्हटलं पयले तुमाले सांगावं."

गुरुजी खुर्चीत बसले. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, "तिथं लोकं काय बोलतात ते समजते का तुले?"

"अर्धं समजते. वर्गात उभी राह्यली की पाय कापतात. सारे बोलतात अन् मी नुसती पाह्यत राह्यतो."

"मंग?"

"मंग काय गुरुजी. उभी राह्यतो."

बाहेर कुणीतरी बेल वाजवली. सून वर गच्चीवर होती. गुरुजी म्हणाले, "थांब पोरी, फोन ठेवू नको," आणि पोटात गोळा तसाच घेऊन दार उघडायला गेले.