राणी म्हणते, मी ऱ्हातो

अक्काताईंचा आवाज मोठा. जांबोटीकडच्या डोंगरात वाढलेल्या पोरीला ओढ्यापलीकडच्या म्हशीला हाक घालायची तर तो मोठाच लागतो. लग्न होऊन पिरनवाडीत आल्या तेव्हा सासू म्हणाली, "हळू बोल गं, रस्त्यानं जाणारी माणसं थांबत्यात."

"थांबंनात की. त्यास्नी च्या कुठं द्यायचा हाय?" अक्काताई म्हणाल्या.

आता त्या शाळेत मुलांचं दुपारचं जेवण रांधतात. मुलांच्या गलक्यावर त्यांचं एक "बसा खाली" पुरतं.

गाव कर्नाटकात आणि घरची भाषा मराठी, त्यामुळं भाषेबद्दल मात्र त्यांना दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागलं. कचेरीत मराठीत विचारलं की पलीकडचा माणूस म्हणायचा, कन्नडात बोला. त्या कन्नडात बोलायच्या, फर्डं बोलायच्या. पुण्याला एका लग्नात गेल्या तर शेजारच्या बाईनं कौतुकानं विचारलं, "तुम्ही कर्नाटकातल्या ना? मग मराठी कुठं शिकलात?"

"आईच्या पोटात," अक्काताई म्हणाल्या आणि आणखी दोन जिलब्या वाढून घेतल्या.

त्यांची मुलगी रचना टिळकवाडीत व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. कंपनी स्वरूपची. तो खानापूरचा, बंगळूरला नोकरी करून परत आलेला. त्यांच्या नव्या गेमचं नाव 'तट'. दोन हजार वर्षांपूर्वीचा काळ. पुरातून वाचलेली काही कुटुंबं नदीकाठी येतात आणि खेळणाऱ्यानं त्यांचं नगर वसवायचं. जंगल तोडायचं, तळं खणायचं, कोठार भरायचं, तट बांधायचा. मग दुष्काळ पडतो. कोठार रिकामं होतं आणि लोक गाठोडी बांधून वेशीकडं निघतात. त्या वेळी नगराची राणी वेशीत येऊन त्यांना अडवते. लोक थांबले तर नगर जगलं, गेले तर खेळ संपला.

गेम तयार होताना, खरा कलाकार ठरेपर्यंत, कुणाचा तरी कच्चा आवाज घालून बघतात. रचना आईला घेऊन गेली. अक्काताईंनी पाणी वाहणाऱ्या बाया केल्या, कुंभारीण केली, आणि राणीही केली. कागदावर लिहिलं होतं, 'नागरिकहो, तुम्ही जाऊ शकता. मी येथेच राहते.'

अक्काताईंनी ते वाचलं, कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "जावा. कुठं जातासा ते जावा. मी न्हाय येत. मी हितंच ऱ्हातो."

त्या भागात बाया असंच बोलतात. मी जातो, मी येतो, मी करतो. रचनाही घरी तसंच बोलते. ऑफिसात मात्र ती 'मी येते, मी करते' म्हणते, आणि आईचा फोन आला की बाहेर जाऊन घेते.

ते वाक्य ऐकून ऑफिसातली मंडळी हातातलं काम सोडून उभी राहिली. पुढं बरेच दिवस गेममध्ये राणी अक्काताईंच्याच आवाजात बोलत होती. घरी अक्काताईंनी नवऱ्याला, भरमाला, सांगितलं, "राणी हाय मी."

"मग भाकरी कोण करायचं?" भरमानं विचारलं.

"प्रजा," अक्काताई म्हणाल्या आणि परात त्याच्याकडं सरकवली.

गेम बाहेर काढायची वेळ आली तेव्हा स्वरूपनं त्यांना बोलावून घेतलं. खुर्ची दिली, चहा दिला.

"काकू, पाणी वाहणाऱ्या बाया, कुंभारीण, सगळ्या कामकरी बाया तुमच्याच ठेवतोय. फार जिवंत झाल्यात. राणीला फक्त पुण्याची एक नटी घेतोय."

"का? माझी राणी मेली व्हय?"

"तसं नाही. गेम पुण्यामुंबईत चालायला हवा. राणी 'मी ऱ्हातो' म्हणाली तर लोक विचारतील, ही बाई आहे की बुवा?"

"मी जल्मभर येतो-जातो म्हणतोय. बाई का बुवा ते रचनाच्या बाऽला इचार जा."

दोघंतिघं हसले. रचना मान खाली घालून बसली होती.

"काकू, राणीला जरा भारदस्त भाषा लागते. कामकऱ्यांना आपली भाषा शोभते."

अक्काताईंनी कप खाली ठेवला. "म्हंजे घागर उचलायला माझी भाषा, आन् हुकूम सोडायला पुण्याची? दोन हजार वर्सांमागं राणी कशी बोलायची ते ऐकायला तू गेलतास व्हय रं?"

स्वरूप समोरचे कागद चाळायला लागला.

"खानापुरात तुझी आई काय म्हणती? मी येते?"

"आईचा इथं काय संबंध?"

"तिचाच हाय. माझा आवाज राणीला चालत न्हाय, तर मोलकरणीला बी न्हाय. सगळा काढ. मी देत न्हाय."

आणि त्या निघाल्या. रचना मागोमाग धावली आणि रस्त्यावरच भडकली. "काय मिळालं गं तुला? उद्या मला काढलं तर? घराचा हप्ता त्या नोकरीवर चाललाय!"

"ठावं हाय मला. तुला काढलं तर माझ्यासंगं भात रांधाय ये."

"चेष्टा नको करू. एवढ्या एका शब्दासाठी!"

"एक शब्द न्हवं. तू माझा फोन भाईर जाऊन घेतीस, ते मला कळतं रचना. मी कदी बोललो न्हाय. पर त्या पोराच्या तोंडनं ऐकून मी गप बसायचं व्हय?"

घरापर्यंत दोघी पुढंमागं चालत गेल्या.

सगळं काम आता पुण्याच्या नटीकडं गेलं. तिचं रेकॉर्डिंग आलं आणि ऑफिसनं एकत्र बसून ऐकलं. राणी म्हणाली, 'नागरिकहो, मी येथेच राहते.' सोसायटीच्या सभेत आभार मानावेत तसं. मग पाणी वाहणाऱ्या बाया आल्या. दर वाक्याला 'अगं बया बया', आणि मधूनच 'लय भारी'. गाठोडी घेतलेली माणसं पडद्यावर वेशीबाहेर चालली होती. त्यांना कुणी अडवतंय असं वाटतच नव्हतं.

स्वरूपनं कपाळ चोळलं. "रचना, कामकरी बायांपुरतं तरी आईला समजाव. राणी हीच राहू दे."

रचनानं लॅपटॉप मिटला. "मी न्हाय समजावत."

"काय?"

"मी न्हाय समजावत. आई म्हणाली ते बराबर हाय. मला काढायचं तर काढ. मी जेवाय जातो."

ऑफिसात तिच्या तोंडून 'जातो' पहिल्यांदाच आलं होतं. सगळे बघत राहिले. तिचे कान लाल झाले होते, पण ती डबा घेऊन बाहेर गेली आणि पायरीवर बसून जेवली.

स्वरूपनं तिला काढलं नाही. संध्याकाळपर्यंत तो दोन्ही राण्या आलटून पालटून ऐकत बसला. मग त्यानं स्वतः फोन लावला. अक्काताई शाळेतली पातेली घासत होत्या.

"काकू, या की परत."

"राणी कोण?"

"तुम्हीच."

"आन् ती बोलणार कशी?"

"तुमच्यासारखी."

"मग शनवारी येतो," अक्काताई म्हणाल्या.

गेम चाचणीसाठी काही लोकांना दिला गेला. अभिप्राय आले. काहींना तळी खणणं आवडलं, काहींना दुष्काळ फार कडक वाटला. आणि एका माणसानं लिहिलं, 'राणीचं व्याकरण चुकलंय. पुरुष आहे का ही? असली गावंढळ राणी आम्ही का ऐकायची?'

स्वरूपचा चेहरा पडला. ते वाक्य रचनानं घरी येऊन आईला वाचून दाखवलं. अक्काताई भाकरी थापत होत्या. त्यांनी ती तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"उत्तर देता येतंय का त्याला?"

"येतंय."

"मग लिव. म्हणावं, ऐकू नगंस. पर तुझं कोठार रिकामं हुईल, माणसं गाठोडं बांधून चालाय लागतील, तवा वेशीत हीच उभी ऱ्हाणार हाय. दुसरी कोण येणार न्हाय."

"शुद्ध करून लिहू?"

अक्काताईंनी नुसतं बघितलं.

रचनानं ते जसंच्या तसं लिहिलं, खाली नावाच्या जागी 'राणी' असं घातलं आणि पाठवून दिलं.