म्हशीचं माप

नोकरीत असताना माझ्या टेबलावर फायली साचायच्या. निवृत्त झाल्यावर किस्से साचायला लागले. फरक एवढाच, की किश्शांची चौकशी करायला लोक आपणहून येतात!

आमचं हल्लीचं ऑफिस म्हणजे कसबा बावड्यात, शकील टेलरच्या दुकानासमोरचा बाक. स्टाफ तीन: निवृत्त शिक्षक कांबळे सर, म्हशीवाले आबा आणि मी.

दिवाळी तोंडावर आली आणि गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला, 'शकील टेलरकडे कपडे टाकू नका. पुढे पाठवा.' पाठवणारा बापू, आबांच्या शेजारचा म्हशीवाला. त्याला कुणी पाठवला, हे त्यालाही धड सांगता येईना. पण आठवड्यात दुकान ओस! ज्या माणसाने वर्षानुवर्षं गल्लीच्या पँटी कमरेत सैल करून दिल्या आणि कुणाचं पोट किती सुटलं हे कधी फोडलं नाही, त्याने नवं कुलूप विकत आणलं. म्हणाला, "दिवाळी झाली की शिरोली एमआयडीसीत वॉचमन."

मला जे येतं ते मी केलं. निषेधाचा ठराव लिहिला, तीन प्रतींत.

"पाठवायचा कुणाला?" सरांनी विचारलं.

"फाइलला!"

*

मग आबांनी सलोख्याची मूक फेरी काढली. चौदा माणसं जमली. पहिल्याच वळणावर दोघं कुजबुजले, आणि सगळ्यात पुढे चालणारे आबा गर्रकन वळले.

"मूक हाय म्हटलं न्हवं? गप चाला की रं!"

तो आवाज साखर कारखान्यापर्यंत गेला म्हणतात. शांततेचा एवढा मोठा प्रचार बावड्यात पूर्वी झाला नव्हता.

*

सरांचा मार्ग वेगळा. त्यांनी शकीलभाईंकडे एक शर्ट टाकला आणि रोज दहा ते बारा दुकानात खुर्ची टाकून पेपर वाचायला लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं, एवढाच हेतू.

चौथ्या दिवशी शकीलभाई म्हणाले, "सर, गिऱ्हाईक आलं न्हाय ते न्हायच. वर लोकं मला इचारत्यात, दुकान सरांना कितीला दिलंस?"

*

सरांनीच आम्हाला एक शस्त्र दिलं. कसलाही मेसेज आला की खाली लिहायचं, 'पुरावा काय?'

आबांना हे फार आवडलं. 'शुभ सकाळ'ला त्यांनी पुरावा मागितला. कागलच्या व्याह्यांनी 'नातू झाला' म्हणून कळवलं, तिथेही मागितला! त्यानंतर आबांच्या लेकीने चार दिवस फोन उचलला नाही.

*

आता आबांनीही दुकानाला काम द्यायला हवं होतं. पण धोतर नेसणाऱ्या माणसाचं टेलरकडे काम काय? दोन दिवस विचार करून आबा तिसऱ्या दिवशी म्हैसच घेऊन आले.

पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून मिरवतात आणि मोटरसायकलच्या मागे पळवतात, हे बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही.

"शकील, हिला झूल शीव!"

शकीलभाईंनी टेप गळ्यातून काढला. म्हशीने त्यांचा कान चाटला. "आबा, गिऱ्हाइकाला सांगा, हलू नगं म्हनावं."

जांभळ्या मखमलीला सोनेरी काठ. ती झूल घालून म्हैस सरावाला रस्त्यावर उतरली, तेव्हा मोटरसायकलवाले गाडी पळवायची सोडून बघत राहिले.

*

दुसऱ्या दिवशी बापू दुकानात. नजर जमिनीवर.

"शकीलभाई, पाडव्याला तसलीच झूल पायजे हुती. आबाच्या म्हशीच्याच मापाची चालंल."

शकीलभाईंनी मशीन थांबवलं नाही. "मापाबिगर मी शिवत न्हाय. म्हस दारात आणायला लागंल."

"भर गल्लीतनं?"

"दुसरी वाट हाय व्हय?"

सकाळी दहाला बापू म्हैस घेऊन आला. सर पेपर घडी करून उठले. कासरा आबांनी धरला. नवं कुलूप मखमलीवर वजन म्हणून ठेवलेलं होतं. शकीलभाईंनी टेपचं एक टोक बापूच्या हातात दिलं, "घट्ट धर," म्हणाले आणि दुसरं घेऊन म्हशीच्या पलीकडे गेले.

तेवढ्यात ग्रुपवर कुणीतरी टाकलं, 'बापू शकील टेलरच्या दारात!'

आबा तिथेच, हातात कासरा. मोकळ्या हाताच्या एका बोटाने त्यांनी खाली लिहिलं, 'पुरावा काय?'

बापूच्या खिशात मोबाइल वाजला. त्याने वाचलं, आबांकडे बघितलं.

मिनिटाभराने ग्रुपवर फोटो आला. म्हैस, टेप आणि टेपच्या पलीकडच्या टोकाला शकीलभाई.

टाकणारा बापू.