इंग्रजीत एकतीस

धुळ्याच्या हायस्कुलात मी मॅट्रिकच्या आधीच्या वर्गात होतो आणि हुतुतूच्या संघाचा कप्तान होतो. सहामाहीनंतर हेडमास्तरांनी नोटीस लावली: इंग्रजीत चाळीसच्या खाली गुण पडलेल्या मुलाला शाळेकडून खेळता येणार नाही. मला एकतीस होते. संघातल्या आणखी तिघांना माझ्याहून कमी.

वाईट वाटलं, पण राग आला नाही. अभ्यास केला नव्हता हे खरंच होतं. राग आला तो शनिवारी. क्रिकेटचा संघ मैदानात उतरला तेव्हा यष्टीमागे माझ्याच बाकावरचा मुलगा उभा होता, एका मोठ्या वकिलांचा. त्याला अठ्ठावीस होते. त्याचा पेपर मी डोळ्यांनी पाहिला होता.

रविवारी गावी गेलो. आबा कापूस वेचत होते. वडलांना आम्ही आबाच म्हणायचो. सगळं ऐकून घेतलं आणि हात न थांबवता म्हणाले, "नियम शे ना? मग तो बठ्ठासले लागाले जोयजे." नियम आहे तर तो सगळ्यांना लागला पाहिजे, एवढंच.

सोमवारी मी हेडमास्तरांच्या खोलीत गेलो.

"सर, ती नोटीस क्रिकेटला लागू आहे का?"

"तुला काय करायचंय?"

"एकतीसवाला बाहेर बसलाय आणि अठ्ठावीसवाला खेळतोय, म्हणून विचारलं."

त्यांचा चेहरा लाल झाला. कागद पुढे सरकवून म्हणाले, "माफी लिही. इंग्रजीतून."

मी इंग्रजीतून तीनच वाक्यं लिहिली. मी नापास आहे. तोही नापास आहे. मग तो का खेळतो? माफीचा शब्द कुठेच नव्हता. सरांनी लाल शाईचा टाक घेतला आणि चुकांवर खुणा केल्या.

"तीन ओळींत चार चुका!"

"चुका माझ्याच आहेत, सर. पण प्रश्न बरोबर आहे ना?"

आठ दिवस शाळाबंदी झाली. त्या आठवड्यात आमच्या संघातल्या पास झालेल्या मुलांनीही आपली नावं काढून घेतली. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. मी परत आलो तेव्हा नोटिशीखाली नवी ओळ होती: हा नियम सर्व खेळांना लागू आहे.

यष्टीरक्षक मधल्या सुट्टीत माझ्या अंगावर धावून आला. "तुझ्यामुळे माझा खेळ गेला!"

"तुझे अठ्ठावीस माझ्यामुळे नाही पडले," मी म्हणालो.

मग मी हट्टाला पेटलो. पहाटे उठून व्याकरण घोकलं, धडे पाठ केले. वार्षिक परीक्षेत सेहेचाळीस मिळाले. कप्तानपद मात्र दुसऱ्याला दिलं गेलं, आणि का, ते मी विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात भुसावळला सामना झाला. मैदान दगडासारखं टणक, दोन्ही गुडघे सोलून निघाले. आम्ही शेवटी हरलोच; पण सामना चालू असताना बाहेर बसलेले आमचे मास्तर म्हणाले, "पट्टी बांध, बस आता." मी धोतराचा काचा आवळला आणि पुन्हा चढाईला गेलो.