पाणी तोडलेलं डाळिंब

त्या शनिवार-रविवारचे फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहेत. गच्चीवर रांगेने मांडलेल्या कुंड्या, हाताला माती लागलेली माझी बायको, मिरचीच्या रोपांपाशी उकिडवी बसलेली बहीण, आणि मागे खुर्चीवर आबा, म्हणजे माझे वडील. ते कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. बघणाऱ्याला वाटावं, काय सुखी घर आहे. फोटो मीच काढल्यामुळे मी त्यात कुठे नाही, ते एक बरं झालं.

नागापूरच्या एमआयडीसीत मी सुपरवायझर आहे आणि कारखान्यापासून दहा मिनिटांवर आमचं रो-हाऊस आहे. आई गेल्यावर आबा संगमनेरकडचं गाव सोडून आमच्याकडे राहायला आले. गावाकडची डाळिंबाची बाग त्याआधीच तेल्या रोगाने गेली होती. येताना त्यांनी एकच रोप आणलं, मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून. मी भंगारवाल्याकडून रसायनाचं निळं पिंप आणलं, स्वच्छ धुऊन मधोमध कापलं, बुडाला भोकं पाडली, आणि ते डाळिंब आमच्या गच्चीवर उभं राहिलं. तीन वर्षांत ते आबांच्या खांद्याला लागलं.

तीन वर्षांत आबा मात्र आम्हाला नकोसे झाले. हे सभ्य शब्दांतही सांगता येतं, पण तसं सांगायची माझी लायकी नाही. ते पहाटे मोठ्याने खाकरत, नळ चालू ठेवून विसरत, एकदा गॅसवर दूध ठेवून कोपऱ्यावर गप्पा मारायला गेले आणि पातेलं जळून काळं झालं. बायको वैतागली, आणि तिचं फारसं चुकत नव्हतं. मी तिच्याएवढा वैतागलो नव्हतो, तरी तिच्यापेक्षा जास्त घाई मला होती.

मनमाड रस्त्याला म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारी एक जागा मी बघून आलो होतो. अडत होतं ते बहिणीपाशी. ती माझ्याहून धाकटी, लहानपणापासून श्रीरामपूरला मामाकडे वाढली आणि तिथेच दिलेली. फोनवर ती म्हणाली, "दादा, आबांच्या डोक्यावर खरंच परिणाम झाला असेल तर मी आडवी येणार नाही. पण मी माझ्या डोळ्यांनी बघीन. नळ तर मीसुद्धा विसरते." मी म्हटलं, "ये की. पाडव्याच्या आधीचा शनिवार-रविवार ये. हवा छान आहे, सगळे मिळून कुंड्या लावू." आबांना यातलं काही माहीत नव्हतं. लेक येणार म्हणून त्यांनी शुक्रवारीच दाढी करून घेतली.

शनिवारी सकाळी गच्चीवर जत्रा भरली होती. बायकोने कोकोपीटच्या विटा बादलीत भिजत घातल्या. आबांनी त्यातला चिमूटभर उचलून बोटांत चोळला आणि विचारलं, "ह्यो भुसा कशाला?" बायको लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, "आबा, ती हलकी माती असते हं. तुम्ही आपलं छान छान लावा." आबांनी मान डोलावली. मग मिरचीचं एकेक रोप घेऊन त्यांनी खालची दोन पानं खुडली, खुरप्याने खड्डा केला आणि रोप लावून दोन्ही अंगठ्यांनी माती दाबली. त्यांची दहा रोपं होईपर्यंत आमची तीन झाली होती, आणि त्या तिनांतली दोन त्यांनी हळूच उपटून पुन्हा नीट लावली. बहीण हसत होती. खाली पोह्यांच्या बश्या न्यायला आली तेव्हा माझ्या कानाशी म्हणाली, "दादा, आबा तर ठणठणीत आहेत. तुम्ही उगीच घाबरलात."

मला आनंद व्हायला हवा होता. माझं तोंड पडलं.

चारच्या सुमाराला ती टाकीमागच्या कोपऱ्यात गेली आणि तिथूनच तिने हाक मारली. डाळिंबाच्या पिंपाखाली पिवळ्या पानांचा सडा पडला होता. फांद्या राखेच्या रंगाच्या झाल्या होत्या. माती पिंपाच्या कडेपासून सुटून आत ओढली गेली होती, फटीत बोट जाईल एवढी. आणि हातभरावर पाण्याचा नळ होता.

इथे मला थोडं मागे जावं लागेल. डाळिंबाला बहार धरायचा तर आधी त्याचं पाणी तोडतात. ताण देणं म्हणतात त्याला. महिना-दीड महिना थेंब नाही. झाड पानं टाकतं, मरायला टेकल्यासारखं दिसतं, आणि मग पाणी सोडलं की जिवाच्या आकांताने फुलतं. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बहिणीला ठाऊक नव्हतं, कारण ती दिवाळीला आणि मे महिन्यात पाहुणीसारखी यायची आणि तेव्हा बाग हिरवीगार असायची. ताणावरची बाग तिने कधी पाहिलीच नव्हती. बायको तर शहरातली.

मला ठाऊक होतं. माझ्या अंगावर ते शिकवलेलं होतं.

सातवीत मी सहामाहीला गणितात नापास झालो. आबांनी मारलं नाही. माझ्याशी बोलणं बंद केलं. मी समोर ताटावर बसलेलो असायचो आणि ते आईला म्हणायचे, "त्येला भाकरी पायजे का इचार." पहिल्या आठवड्यात मी रडलो, दुसऱ्या आठवड्यात त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय सोडवून घेतले आणि बागेत निघून गेले. पारावर कुणी विचारलं तर हसून सांगायचे, "पानी तोडलंय त्येचं. फुटंल आपोआप." चाळीस दिवस मी मोजले. चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळाले तेव्हा ते बोलले, तेही आईकडे बघून: "बघ, फुटला का न्हाई." पुढे दहावीपर्यंत अजून तीनदा त्यांनी माझं पाणी तोडलं. मी शिकलो, नोकरीला लागलो, घर घेतलं. लोक म्हणतात आबांनी पोरगं घडवलं. मला त्यांची शिसारी यायची आणि त्यांनी माझ्याशी बोलावं म्हणून जीवही तुटायचा.

तर त्या शनिवारी बहिणीने विचारलं, "आबा, ह्याला पाणी कधी घातलंत?"

"दीड म्हैना झाला आसंल."

"दीड महिना? अहो, का?"

"पानी तोडलंय त्येचं. यंदा पैल्यांदाच बहार धरलाय, त्योबी उशिरा. पाडव्याला पानी सोडायचं, मंग बघ तू. पान दिसायचं न्हाई, नुस्ती फुलं."

बहीण माझ्याकडे बघू लागली. तिच्या डोळ्यांसमोर एक म्हातारा होता, त्याने आपल्या हाताने एक झाड तहानेने मारलं होतं आणि तो ते कौतुकाने सांगत होता. ती हळूच म्हणाली, "आबा, झाड मेलंय हो."

आबा खदखदून हसले. "मेलंय म्हनं! आगं, ह्येला इचार. ह्येला ठाव हाय समदं. लहानपनी बागंत पाटावर ह्योच बसायचा." आणि त्यांनी खुरपं माझ्याकडे रोखलं.

दोघंही माझ्याकडे बघत होते. एका वाक्याचं काम होतं. 'बरोबर आहे आबांचं' एवढं म्हटलं असतं तर बहीण हसली असती, आबा घरात राहिले असते.

मी म्हणालो, "काय माहीत. हल्ली असंच काहीबाही बोलतात."

आबा माझ्याकडे बघत राहिले. चिडले नाहीत, समजावूनही सांगितलं नाही. मला वाटतं, त्यांना तिथल्या तिथे सगळं कळलं. त्यांनी खुरपं धोतराला पुसलं, कठड्यावर ठेवलं आणि जाऊन खुर्चीवर बसले. बहीण टाकीकडे तोंड करून रडत होती. मला, खरं सांगतो, हलकं वाटत होतं. सातवीतलं ते ताट भिंतीवर फेकून दिल्यासारखं.

रविवारी आम्ही झेंडू लावला, श्रीखंड-पुरी खाल्ली, फोटो काढले. बहिणीने होकार दिला. फक्त म्हणाली, "पाडवा घरी होऊ दे त्यांचा." निघायच्या आधी ती पुन्हा टाकीमागे गेली आणि न राहवून दोन बादल्या पाणी त्या डाळिंबाच्या मुळाशी ओतून आली. आबांनी खुर्चीवरून ते बघितलं.

पाडव्याला त्यांनी गुढीला नमस्कार केला, कडुनिंबाची चटणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना गाडीतून पोचवून आलो. वाटेत त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. उतरताना पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. खुरपं घरीच राहिलं होतं.

तीन आठवड्यांनी बहीण आली तेव्हा डाळिंब लालभडक फुलांनी भरून गेलं होतं. पान दिसत नव्हतं. ती बघतच राहिली. "दादा, हे जगलं कसं?"

मला दुसऱ्यांदा संधी मिळाली होती. मी म्हणालो, "तू पाणी घातलंस ना. त्यानेच जगलं."

तिचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना. त्याच दुपारी आम्ही आबांना भेटायला गेलो. तिने एक फूल रुमालात नेलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. "आबा, तुमचं झाड मी जगवलं." आबांनी फूल उलटंपालटं करून पाहिलं. मी दाराशी उभा होतो, आता ते बोलणार आणि बरं होईल एकदाचं, असं वाटत होतं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "लई चांगलं केलंस बाई," म्हणाले.

माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. तेव्हाही नाही आणि त्यानंतरही नाही. मी दर रविवारी जातो, मोसंबी नेतो, तासभर समोर बसतो. ते शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी पाऊसपाण्याचं बोलतात, तिथं कामाला असलेल्या मावशींची चेष्टा करतात, अंगणातल्या जास्वंदीला कुठलं खत घालायचं ते माळ्याला सांगतात. मला चहा हवा का, हे मावशींना विचारतात.

गेल्या रविवारी निघताना मावशी माझ्यामागे फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "रागवू नका दादा. मी त्यांना विचारलं, पोरगा एवढा येतो, तुमी त्याच्याशी बोलत का न्हाई? तर हसले. म्हनले, पानी तोडलंय त्येचं."

"अजून काही म्हणाले?" मी विचारलं. "कधी सोडणार वगैरे?"

मावशींना प्रश्न कळला नाही. त्या मान हलवून आत गेल्या.